अभिजात स्पोर्ट्‌स मोटारींची इंधनयंत्रणा व अग्निसुरक्षा

अभिजात स्पोर्ट्‌स मोटारींची इंधनयंत्रणा व अग्निसुरक्षा हा जुन्या मोटारींच्या जतनाशी निगडित असलेला विषय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर साधारण १९७५ पर्यंत तयार झालेल्या, कार्बोरेटरवर चालणाऱ्या स्पोर्ट्‌स मोटारी येथे अभिप्रेत आहेत. पेट्रोल टाकी, नळ्या व कार्बोरेटर यांच्या आतच राहील अशी व्यवस्था करणे, गळती झालीच तर पुरवठा तत्काळ तोडणे, आणि ठिणगी व उष्णता यांपासून पेट्रोल दूर ठेवणे, या तीन गोष्टींचा त्यात समावेश होतो. आग विझविण्याची साधने यांच्यानंतर येतात. व्यवहारात बहुधा याच्या उलट घडते. लाल रंगाचा अग्निशामक हौसेने विकत घेऊन आसनामागे बसविला जातो आणि बॉनेटखालची तीस वर्षांची रबरी नळी तशीच राहते.

प्रस्तुत लेखात कोल्हापूर परिसर व जोतिबाच्या डोंगराचा घाटरस्ता हे उदाहरण म्हणून घेतले आहेत. उन्हाळ्यातील घाटाची चढण, इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहणारी मोटार हे जुन्या इंधनयंत्रणेचे तिन्ही वैरी येथे एकत्र भेटतात.

प्रदेश व पार्श्वभूमी

जोतिबा अथवा वाडी रत्नागिरी हे पन्हाळा तालुक्यातील डोंगरावरचे देवस्थान कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरांवर आहे. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फुटांवर, तर जोतिबाचा डोंगर सुमारे ३,१०० फुटांवर आहे. ही चढण मुख्यतः शेवटच्या काही किलोमीटरांत येते. आधुनिक मोटारीस तिचे काहीच वाटत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या मोटारीस मात्र ती दुसऱ्या गिअरमध्ये, बहुधा एस.टी.च्या मागे रांगत चढावी लागते. पुढून वारा कमी आणि इंजिनावर भार अधिक, अशी ही अवस्था असते.

कोल्हापूरला मोटारींची हौस जुनी आहे. छत्रपती राजाराम महाराजांसाठी जर्मनीत बांधलेली मेबाख मोटार आजही दसऱ्याच्या शाही सोहळ्यात लोकांना पाहावयास मिळते. ती स्पोर्ट्‌स मोटार नव्हे. परंतु यंत्र जपून ते चालते ठेवावे, ही वृत्ती या शहरात कशी मुरली आहे हे तिच्यावरून कळते. शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळा, लेथ व ऑइल इंजिनांची परंपरा यांमुळे बाजारात न मिळणारा पितळी सांधा किंवा बोल्ट येथे घडवून घेता येतो.

भारतात आलेल्या परदेशी स्पोर्ट्‌स मोटारींत एम.जी. कंपनीच्या टी.सी., टी.डी. व पुढील मालिका, ट्रायंफ, ऑस्टिन-हीली, जग्वार एक्स.के. १२० इत्यादींचा समावेश होतो. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६१ पासून भारतात तयार केलेली हेरल्ड ही ट्रायंफ हेरल्डचीच आवृत्ती होती, आणि ट्रायंफ स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स मोटार त्याच घराण्यातील. त्यामुळे हेरल्डचे सुटे भाग व ती दुरुस्त केलेल्या मिस्त्रींचे ज्ञान स्पिटफायरच्याही कामी येते.

या मोटारी ज्या काळी बनल्या, त्या काळी टक्कर झाल्यावर टाकीतून किती पेट्रोल सांडावे यावर बंधन नव्हते. अमेरिकेत प्रवासी मोटारींच्या इंधनयंत्रणेसाठी असे पहिले मानक १९६८ मध्ये लागू झाले. त्यापूर्वीच्या मोटारींत टाकी कोठे ठेवावी हे शरीरबांधणीच्या व डिकीच्या सोयीने ठरे. एम.जी.च्या टी मालिकेत ती मागे उघड्यावर उभी असून तिच्यावर जादा चाक टांगलेले असते. काही ट्रायंफ मोटारींत ती आसनांच्या लगेच मागे, तर पोर्शे ३५६ मध्ये पुढच्या भागात असते.

पेट्रोल पेट कसे घेते

द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. पेट्रोलचा प्रज्वलनांक उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यामुळे आपल्याकडील कोणत्याही ऋतूत त्यावर पेटण्याजोगी वाफ असतेच. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले, तर ठिणगी पुरेशी होते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे ती वर न जाता खाली साचते; गॅरेजमधील तपासणीच्या खड्ड्यात, डिकीच्या तळाशी, आसनाखाली. खड्ड्यात उतरून नळी सोडताना हातात तारेचा उघडा दिवा घेणे हा म्हणूनच घातक प्रकार आहे.

बंद पात्रात तापविल्यास पेट्रोल २५० ते २८० अंशांच्या दरम्यान ठिणगीशिवाय पेट घेते. परंतु बॉनेटखाली, मोकळ्या हवेत, तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलेले पेट्रोल पेटण्यास याहून बरेच अधिक तापमान लागते. बहुतेक वेळा थेंब उडून जातात आणि केवळ वास येतो. यामुळे चालकाची फसगत होते. रोज थोडा वास येतो, काही घडत नाही, म्हणून तो वास मोटारीचा स्वभाव समजला जातो. एखाद्या दिवशी लांब चढणीनंतर मॅनिफोल्ड लालसर झालेला असतो, किंवा डिस्ट्रिब्यूटर, डायनॅमो, स्टार्टर यांपैकी एखाद्याची ठिणगी साचलेल्या वाफेस मिळते, आणि तीच गळती आग होते. पेट्रोलचा वास येणारी मोटार सदोष आहे असेच धरून चालावे.

गळतीच्या जागा

टाकी. लोखंडी टाकीस आतून गंज लागतो. गंजाची पूड पुढे जाऊन कार्बोरेटरच्या सुईखाली अडकते, आणि बारीक छिद्रे पडून टाकी पाझरू लागते. टाकीच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारी रुंद रबरी नळी सर्वांत दुर्लक्षित असते. ती टाकी पूर्ण भरल्यावर किंवा वळणावर पेट्रोल उसळल्यावरच ओली होते, त्यामुळे तिच्या भेगा एरवी कळत नाहीत. टाकी व आसने यांच्यामध्ये काही मोटारींत केवळ पुठ्ठ्याचा किंवा पातळ फळीचा पडदा असतो. त्यामागे पत्र्याची अखंड भिंत बसविणे आणि तारा जाण्याची भोके आगरोधक लांबीने बुजविणे ही सुधारणा बाहेरून दिसत नाही आणि खर्चही थोडा येतो. टाकी जळू लागल्यास आतील माणसांना बाहेर पडण्यासाठी जो वेळ मिळतो, तो या भिंतीमुळेच मिळतो.

धातूची नळी. टाकीपासून इंजिनापर्यंतची मूळ नळी पोलादाची असते. दुरुस्तीत पुष्कळदा तांब्याची नळी टाकली जाते, कारण ती हाताने वाकते आणि डाख सहज बसतो. परंतु सततच्या कंपनाने तांबे कठीण होत जाते व सांध्यापाशी तडकते. तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची नळी वाकण्यास तितकीच सोपी असून या बाबतीत कितीतरी टिकाऊ आहे. नळी हाताच्या अंतरावर क्लिपांनी बांधलेली असावी, सायलेन्सरच्या बाजूने नेऊ नये, आणि रबरी नळी जेथे तिच्यावर चढते तेथे टोकास फुगवटा केलेला असावा. गुळगुळीत टोकावर नुसती क्लिप आवळलेली नळी दाब वाढला की घसरते.

रबरी नळी व क्लिप. कार्बोरेटरच्या यंत्रणेतील दाब फार नसतो. चौरस इंचास दोन ते चार पौंड, बस्स. म्हणून दुकानात मिळेल ती नळी चालते असा समज आहे. प्रश्न दाबाचा नसून रबराचा आहे. पाण्याची, व्हॅक्यूमची किंवा डिझेलची नळी पेट्रोलने फुगते व मऊ पडते. एस.ए.ई. जे-३० या मानकातील आर-९ दर्जाच्या नळीस आतून फ्लोरोइलॅस्टोमरचे अस्तर असते आणि ते पेट्रोल व इथेनॉल दोन्हींस टिकते. आर-६ व आर-७ हे जुने दर्जे कमी दाबासाठीच होते. इथेनॉलच्या काळात त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. नळीवर केवळ दर्जा छापलेला असणेही पुरेसे नाही, कारण छापणे सोपे असते. ओळखीच्या, पावती देणाऱ्या विक्रेत्याकडूनच ती घ्यावी, बसविल्याची तारीख तिच्यावर कागदी पट्टीने चिकटवावी आणि पाच वर्षांनी, चांगली दिसत असली तरी, बदलावी.

पोलादी जाळी चढविलेली नळी शर्यतीच्या मोटारीसारखी दिसते, म्हणून तरुण मालकांना ती प्रिय असते. तिच्यात दोन दोष आहेत. जाळीखालच्या रबराची अवस्था डोळ्यांस दिसत नाही. आणि जाळी जेथे दुसऱ्या नळीस किंवा तारेस घासते, तेथे ती करवतीसारखे काम करते. जाळीच हवी असेल तर आतील नळी टेफ्लॉनची घ्यावी.

क्लिपांविषयीही असेच. खाचा असलेली पट्टीची क्लिप पिळून आवळली की मऊ रबरात रुतते व ते कापते. पट्टी अखंड असलेली, कडा बाहेर वळविलेली क्लिप वापरावी.

पंप. इंजिनावरच्या यांत्रिक पंपास आपल्याकडील गॅरेजांत ‘एसी पंप’ म्हणतात. त्यातील डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल बाहेर येते किंवा सरळ इंजिनाच्या तेलात उतरते. तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन चालू करू नये. एम.जी. व तत्सम ब्रिटिश मोटारींत एस.यू. कंपनीचा विजेवरचा पंप असतो. इग्निशनची किल्ली फिरविली की तो टकटक करू लागतो आणि कार्बोरेटर भरले की थांबतो. इंजिन बंद असताना तो थांबतच नसेल, तर पेट्रोल कोठेतरी जात आहे. हा आवाज ओळखणारा मालक अर्धा मिस्त्री असतो.

गाळणी. पारदर्शक काचेची गाळणी सुंदर दिसते, आतला कचरा दाखविते आणि बॉनेटखाली मुळीच असू नये. तिच्या टोकांवरचे रबरी वायसर वाळतात आणि काच एका धक्क्याने तडकते. धातूची गाळणी टाकीजवळ बसवावी. डिस्ट्रिब्यूटरच्या वर लोंबणारी प्लॅस्टिकची गाळणी तर अनेक ठिकाणी दिसते. ती तेथून प्रथम हलवावी.

कार्बोरेटर. एम.जी.ची चार सिलिंडरची इंजिने व ट्रायंफ स्पिटफायर यांत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूस, एकावर एक असतात. म्हणजे जे काही गळेल ते तापलेल्या लोखंडावर. मूळ कारखान्याने यासाठी दोन गोष्टी दिल्या होत्या: कार्बोरेटर व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पत्र्याचा उष्णतारोधक पडदा, आणि फ्लोटच्या वाटीतून ओसंडणारे पेट्रोल थेट खाली रस्त्यावर नेणाऱ्या बारीक नळ्या. दुरुस्तीत नेमक्या याच दोन वस्तू हरवतात. पडदा आवाज करतो म्हणून काढून टाकला जातो. बारीक नळ्यांचा उपयोग न कळल्यामुळे त्या परत बसविल्या जात नाहीत.

फ्लोटची सुई व तिची बैठक झिजली किंवा त्यांत कचरा अडकला, की वाटी ओसंडते. एच प्रकारच्या जुन्या एस.यू. कार्बोरेटरात जेटभोवती बुचाच्या कड्या असतात आणि मोटार दीर्घकाळ उभी राहिली की त्या वाळून आकसतात. एच.एस. प्रकारात वाटीपासून जेटपर्यंत एक बारीक लवचीक नळी जाते. ती कार्बोरेटरचाच भाग दिसत असल्यामुळे इतर सर्व नळ्या बदलताना तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

हवेच्या गाळणीचाही आगीशी संबंध आहे. इंजिनाने उलटा भडका मारला तर गाळणी त्या ज्वालेस आडवते. शोभेसाठी गाळणी काढून नुसती भोंग्यासारखी तोंडे ठेवलेली मोटार हे संरक्षण गमावते. न सुरू होणाऱ्या इंजिनात बाटलीने थेट पेट्रोल ओतून स्टार्टर मारणे, किंवा पंप बिघडल्यावर बॉनेटवर डबा बांधून उताराने पेट्रोल सोडणे, या युक्त्या आपल्याकडे कौतुकाने सांगितल्या जातात. भाजण्याचे प्रसंग यांतूनच उद्भवतात.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा भारतातील प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या तीन केंद्रांपैकी दोन महाराष्ट्रात होती: मनमाड व मिरज. मिरज कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरांवर आहे. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के मिश्रणाच्या विक्रीस प्रारंभ झाला. आता तेच सर्वत्र मिळते. पंचगंगा व वारणा खोऱ्यांतील ऊस आणि साखर कारखान्यांच्या आसवन्या यांमुळे या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी इथेनॉलचा थेट संबंध आहे. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र एप्रिल २०२३ नंतरच्या मोटारींचे रबर व धातू या मिश्रणासाठी निवडलेले आहेत, १९५५ च्या मोटारीचे नाहीत. तेव्हा बदल मोटारीतच करावा लागतो.

इथेनॉल जुन्या रबरास फुगविते. मोटार काही महिने उभी राहून नळी कोरडी पडली की तेच रबर आकसते व तडकते. फुगणे आणि आकसणे या फेऱ्यांतून गेलेली नळी बाहेरून काळी तुळतुळीत दिसते, पण वाकविली की आतून भेगाळलेली असते. बुचाच्या फ्लोटवर पूर्वी लाखेचा लेप देत असत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे कोणताही सुतार सांगेल. लेप गेला की बूच पेट्रोल शोषते, फ्लोट जड होऊन बुडतो, सुई उघडीच राहते आणि वाटी ओसंडू लागते. टाकीस आतून लावलेले काही जुने लेप व काचतंतूंच्या टाक्यांतील राळ यांचेही इथेनॉलपुढे चालत नाही.

दुसरा परिणाम पाण्याचा. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर मोटार झाकून ठेवली, तर टाकीतील मिश्रण पाणी शोषत राहते. ते एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि नेमके तेथेच टाकी गंजते. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी एक तर काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेस जागा उरत नाही, नाही तर पूर्ण रिकामी करून कोरडी करावी. अर्धी भरलेली टाकी सर्वांत वाईट.

तिसरा परिणाम उष्णतेचा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के मिश्रणास सुमारे साडेतेरा. जुन्या जेटवर हे मिश्रण चालविल्यास इंजिनाला पेट्रोल कमी पडते आणि ते अधिक तापते. एस.यू. कार्बोरेटरात जेट खाली घेऊन किंवा सुई बदलून हा हिशेब जुळविता येतो. घाट चढविण्यापूर्वी तो जुळविलेला असावा.

घाटाची चढण व नंतरचा थांबा

घाटात जुनी मोटार बंद पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नळीत झालेली वाफ. पेट्रोलमधील हलके घटक ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात. बॉनेटखालची नळी किंवा पंप तापला की पंपास द्रवाऐवजी वाफ मिळते आणि इंजिन गुदमरते. एसी पंपावर ओले फडके ठेवण्याचा चालकांचा जुना उपाय शास्त्रदृष्ट्या योग्यच आहे. मात्र त्यासाठी बॉनेट उघडून गरम इंजिनावर वाकावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी वाफ सर्वत्र पसरलेली असते. कायमचा उपाय निराळा. विजेचा पंप टाकीजवळ, थंड जागी बसवावा, म्हणजे तो पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो व नळीत दाब राहतो. बॉनेटखालच्या नळीस उष्णतारोधक वेष्टण घालावे. जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी जोडल्यास पेट्रोल एका जागी थांबून तापत नाही. सायलेन्सरच्या नळीस गुंडाळण्याच्या पट्ट्याही मिळतात. पण त्यांत गळलेले तेल किंवा पेट्रोल मुरले तर ती पट्टी वातीसारखी जळते.

खरा धोका चढताना नव्हे, वर पोचल्यावर असतो. वाहनतळावर इंजिन बंद केले की पाणी फिरणे थांबते, वारा थांबतो, आणि पुढील दहा-पंधरा मिनिटे बॉनेटखालचे तापमान उतरण्याऐवजी चढते. फ्लोटच्या वाटीतील पेट्रोल उकळून बाहेर येते. दर्शन घेऊन परतलेला मालक किल्ली फिरवितो, स्टार्टर ठिणगी टाकतो. म्हणून थांबल्यावर बॉनेट थोडे उघडे ठेवावे, निघण्यापूर्वी ते पूर्ण उघडून वास घ्यावा, आणि वास असेल तर तो जाईपर्यंत थांबावे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत गुलाल, सासनकाठ्या व लाखोंची गर्दी यांत जुनी मोटार डोंगरावर नेण्याचे प्रयोजन नाही. गर्दीत आग लागल्यास बंब पोचणेही कठीण. हिवाळ्यातील एखादी सकाळ त्यासाठी बरी.

पुरवठा तोडण्याची साधने

विजेचा पंप किल्ली चालू असेपर्यंत पेट्रोल ढकलत राहतो. टक्कर होऊन नळी तुटली आणि चालक बेशुद्ध असला, तरी तो थांबत नाही. पंप जोडण्याबरोबरच तो तोडणारे साधन जोडणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. यांत दोन प्रकार रूढ आहेत. जडत्वावर चालणाऱ्या स्विचमध्ये चुंबकाने धरलेली गोळी जोराच्या धक्क्याने सुटते व प्रवाह तुटतो. आधुनिक मोटारींतील असा स्विच जुन्या मोटारीत सहज बसतो. दुसऱ्या प्रकारात पंपाचा प्रवाह इंजिनातील तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्विचमधून नेतात. इंजिन थांबले, दाब गेला, की पंप थांबतो. दोन्ही बसविले तर उत्तमच. पंपाच्या तारेवर स्वतंत्र फ्यूज हवा. जुन्या ब्रिटिश मोटारींत कित्येक तारांवर फ्यूजच नसतो, आणि तापलेली तार हीसुद्धा ठिणगीच.

टाकी इंजिनापेक्षा उंच असेल तर पंप थांबूनही पेट्रोल स्वतःच्या वजनाने वाहते. तेथे टाकीखाली हाताने फिरविण्याची तोटी असावी आणि मोटार उभी करताना ती बंद करण्याची सवय ठेवावी. बॅटरी तोडणारा मुख्य स्विच चालकास पट्टा बांधलेल्या अवस्थेत पोचण्याजोगा हवा. डायनॅमो किंवा आल्टरनेटर चालू असताना साधा स्विच इंजिन बंद करू शकत नाही. त्यासाठी इग्निशनचाही प्रवाह तोडणारा स्विच मिळतो.

शर्यतीच्या क्षेत्रातून आलेली साधने याच्या पुढची आहेत. १ ऑगस्ट १९७६ रोजी न्यूरबर्गरिंगवर निकी लाउडा यांच्या मोटारीस लागलेली आग सर्वश्रुत आहे. आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाच्या एफ.टी.-३ मानकाची रबरी पिशवीची टाकी आघाताने फुटत नाही, आणि तिच्यातील स्पंज पेट्रोलला उसळू देत नाही. ऐतिहासिक मोटारींच्या शर्यतीत भाग घ्यायचा असल्यास ती योग्य. रविवारी जोतिबापर्यंत जाऊन येणाऱ्यास तिची गरज नाही. शिवाय या पिशवीची मुदत संपते व ती बदलावी लागते.

अग्निशामक

शर्यतीच्या नियमांत हाताळण्याच्या अग्निशामकाची किमान क्षमता कोरड्या भुकटीसाठी दोन किलो व फेसासाठी २.४ लिटर धरली आहे. मोटारीच्या वस्तूंच्या दुकानांत मिळणारा अर्ध्या किलोचा डबा काही सेकंदांत संपतो. भारतीय मानक आय.एस. १५६८३ चा शिक्का असलेला, धातूच्या पट्ट्यांनी घट्ट बांधलेला अग्निशामक आसनाजवळ असावा. डिकीत ठेवलेला अग्निशामक टाकी पेटल्यावर हाती लागत नाही. ए.बी.सी. भुकटी प्रभावी असली तरी ॲल्युमिनियमचे कार्बोरेटर व तारा तिने गंजतात, म्हणून ज्यांना परवडते ते फेस किंवा वायुरूप द्रव्ये पसंत करतात. मोटार जळून जाण्यापेक्षा भुकटी धुणे केव्हाही स्वस्त.

बॉनेटखाली आग दिसल्यास प्रथम इग्निशन बंद करून सर्वांनी उतरावे. बॉनेट पूर्ण उघडू नये. हवा मिळताच ज्वाला उसळते. ते बोटभर उघडून फटीतून फवारा मारावा. अग्निशामक रिकामा होऊनही आग राहिली, तर मोटार सोडून दूर जावे व ११२ किंवा १०१ या क्रमांकावर कळवावे. पेट्रोलवर पाणी टाकू नये, ते त्यावर तरंगत पसरते.

मौलिकता व कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीस ५० वर्षे होऊन गेलेल्या व मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्ही.ए.’ अक्षरांच्या मालिकेत विंटेज म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. अशी मोटार नित्याच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

‘मूळ स्वरूप’ या शब्दांमुळे अनेक मालक नळीसुद्धा बदलण्यास कचरतात. सांगाडा, शरीरबांधणी व इंजिन यांत ठळक फेरफार झालेली मोटार या व्याख्येबाहेर जाऊ शकते. परंतु रबरी नळी, वायसर, डायफ्रॅम, क्लिप हे झिजून बदलण्यासाठीच असलेले भाग आहेत. कारखान्यातून आलेली नळी १९५५ मध्ये नवी होती. तीच आज ठेवणे म्हणजे मूळ स्वरूप जपणे नव्हे. जडत्वाचा स्विच, फ्यूज, टाकीमागची पत्र्याची भिंत ही भर पाना फिरवून पूर्ववत काढता येते, कोठेही नवे भोक न पाडता बसविता येते, आणि काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवता येतात. स्पर्धेत गुण मिळविण्यासाठी कोणी मूळ नळी लावून मोटार प्रदर्शनात उभी करीत असेल, तर ती तेथे ट्रेलरवर न्यावी.

गॅरेजमधील दक्षता

पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक जोराने फुटते. वेल्डिंग करण्यापूर्वी केवळ पाण्याने विसळणे पुरेसे नाही. उकळत्या पाण्याने किंवा वाफेने वारंवार धुऊन, नंतर डाख द्यावयाच्या जागेपर्यंत पाणी भरूनच काम करावे. जुनी टाकी गळत असेल तर त्याच मापाची नवी पत्र्याची टाकी करून घेणे अनेकदा सोयीचे ठरते.

काढलेले पेट्रोल धातूच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ अन्वये विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय साठविता येते, परंतु धातूचे पात्र २५ लिटरांपेक्षा मोठे नसावे. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांचा या तरतुदीत उल्लेख नाही, तरी गॅरेजांत त्याच सर्वाधिक दिसतात.

यंत्रणा पुन्हा जोडल्यावर गळतीची परीक्षा इंजिन थंड असतानाच घेतात. विजेचा पंप असल्यास इंजिन सुरू न करता तो पाच मिनिटे चालवावा आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा पांढरा कागद फिरवावा. डोळ्यांस न दिसणारा ओलावा कागदावर उमटतो. नंतर इंजिन गरम करून, बंद करून, पंधरा मिनिटांनी तीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण धातू प्रसरण पावल्यावर काही सांधे नव्याने सैल होतात. पहिल्या ५० किलोमीटरांनंतर क्लिपा एकदा आवळाव्या लागतात. कोल्हापूरहून जोतिबापर्यंत जाऊन येण्यास याहून थोडे कमी अंतर पडते.